शेवटच्या अक्षराचा कोपरा

मी तिखट तोंडाची आहे, हे आमच्या सबंध गल्लीला माहीत आहे. जेरुसलेमच्या या जुन्या वस्तीत बायका हळू बोलतात, नवरे त्याहून हळू बोलतात, आणि मी, ब्राइना, तोंड उघडलं की वरच्या मजल्यावरची शेजारीण खिडकी लावून घेते. लावू दे. माझ्या नवऱ्याने, नफ्तालीने, जन्मात कुणाला एक उलटा शब्द सुनावला नाही. तेव्हा दोघांच्या वाटणीचं मला एकटीलाच बोलावं लागतं.

नफ्ताली लेखनिक आहे. चर्मपत्रावर टर्कीच्या पिसाने आम्हा यहुद्यांची पवित्र अक्षरं लिहितो. सकाळी शुद्धीच्या हौदात बुडी मारून येतो, मेजाशी बसतो, प्रत्येक शब्द आधी तोंडाने म्हणतो आणि मगच लिहितो. चौतीस वर्षं मी पलीकडच्या खोलीतून हे पुटपुटणं ऐकतेय. शाई मी उकळते, पिसं मी तासते. लिहायची परवानगी आम्हा बायकांना नाही, पण कुठलं अक्षर लंगडतंय हे मला दारातून दिसतं.

चार मुलांच्या पाठीवर आम्हाला ब्लुमा झाली. शेंडेफळ. बापाला टाटे म्हणायची, मला मामे. मुलांना शिकवायला गुरुजी होते, ब्लुमाला नफ्तालीने स्वतः मांडीवर घेऊन अक्षरं शिकवली. आणि नुसती ओळख नाही हं. आमच्यात प्रत्येक अक्षराला अर्थ असतो, आणि शब्दात ती अक्षरं शेजारी शेजारी बसली की आपसात काहीतरी बोलतात, असं नफ्ताली मानतो. 'बेथ' म्हणजे घर, तीन बाजूंनी बंद, पुढून उघडं. 'नून' वाकलेली, म्हणजे पडलेला माणूस. 'योद' इवलंसं, बी. 'काफ' तळहात. आणि शब्दाच्या शेवटी येणारी 'मेम' चारी बाजूंनी बंद, ते आईचं पोट.

"आता ही पाची एका रांगेत लाव पाहू," तो तिला म्हणायचा. "काय झालं?"

"तुमची मुलं!" ब्लुमा ओरडायची. तो शब्दच तो. एक घर, त्यात कुणीतरी पडतं, एवढंसं बी, त्याला झेलायला तळहात, आणि शेवटी सगळं सांभाळणारं बंद पोट. सहा वर्षांची पोर हे धडाधड म्हणायची आणि बाप असा खूश व्हायचा की जेवायचं विसरायचा. मी ओरडायचे, "अहो पंडित, सूप गार होतंय!" मला तेव्हा कळलं असतं की ही अक्षरं पुढे तिच्याच अंगावर सोडली जाणार आहेत, तर मी ते अक्षरांचं पुस्तकच चुलीत घातलं असतं.

यंदा वल्हांडण सणाच्या, म्हणजे घरातून खमिराचा कण न् कण झाडून काढायच्या सणाच्या, दहा दिवस आधी ब्लुमाचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. लग्नाला चार वर्षं झाल्यावर राहिलेलं पहिलं मूल. मुलगा होता म्हणे. 'म्हणे' म्हणते, कारण आम्हाला दाखवलाच नाही. पुरणारी मंडळी आली, कापडात गुंडाळून घेऊन गेली, कुठे पुरला तेही सांगितलं नाही. तीस दिवसांच्या आतल्या बाळाचं आमच्यात सुतक नसतं. सात दिवस जमिनीवर बसायचं नाही, कपडा फाडायचा नाही, कुणी भेटायला येत नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "कधीकधी कारण सापडत नाही." आणि चौथ्या दिवशी माझी पोर घरी येऊन सणाची भांडी घासायला लागली. रडायला जागाच ठेवलेली नाही, तर माणसाने जायचं कुठे?

ती गेली रेब गेत्सेलकडे. म्हणजे नवऱ्याला धाडलं.

हा रेब गेत्सेल ('रेब' म्हणजे आमच्यातलं 'राव') आमच्यापासून तीन गल्ल्यांवर राहतो. कुणाचं दुकान बसलं, कुणाची मुलगी लग्नाची राहिली, कुणाला दुखणं जडलं, की लोक दाराच्या चौकटीवरची डबी उघडतात, आतली चर्मपत्राची गुंडाळी काढतात आणि त्याच्याकडे घेऊन जातात. ही मेझुझा. बावीस ओळी, सातशे तेरा अक्षरं. प्रत्येक यहुदी घराच्या दारावर असतेच. अक्षर उडालंय का, फुटलंय का, हे मेझुझा तपासणारे सगळेच पाहतात, त्यात काही वावगं नाही. रेब गेत्सेल त्याच्या पुढे जातो. कुठल्या शब्दातलं कुठलं अक्षर बिघडलंय ते पाहून तुमच्या घरात काय बिनसलं ते सांगतो. जिन्यावर रांग लागते.

आमचा जावई अनशेल गेला. लांबलचक, भला, डोक्याने जरा यथातथा. निजायच्या खोलीच्या दारावरची मेझुझा त्याने नेली. ती नफ्तालीने लिहिली होती, लेकीच्या लग्नाची भेट म्हणून. रेब गेत्सेलने भिंग लावलं आणि म्हणाला, "'तुमची मुलं' हा शब्द. शेवटची मेम. खालचा कोपरा उघडा आहे."

बस. आणखी काही सांगायची गरजच पडली नाही. बंद मेम म्हणजे काय, हे ब्लुमाला सहाव्या वर्षीपासून पाठ होतं. पोट उघडं राहिलं, मूल वेळेआधी निसटलं. आणि ते पोट उघडं ठेवलं कुणी? तिच्या बापाने.

पुढच्या गुरुवारी अनशेल आमच्या दारात उभा. हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत त्यांच्या घरातल्या पाचही मेझुझा.

"ब्लुमा म्हणते," तो आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, "टाटेंना सांगा, आमच्या दारावर त्यांचं अक्षर नको. आणि... आणि सध्या त्यांनी आमच्याकडे येऊ नये."

"सध्या म्हणजे कधीपर्यंत?" मी विचारलं.

"ते ती नाही बोलली."

"आणि तू काय बोललास? तोंडात बोळा होता का?"

नफ्ताली मागून आला, पिशवी घेतली, "ये ना आत, चहा घे," म्हणाला. ज्याने त्याला लेकीच्या घरातून हाकललं त्याला चहा! अनशेल पळाला.

नफ्तालीने ती गुंडाळी मेजावर उलगडली, भिंग लावलं, आणि बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "हो. कोपरा उघडा आहे." शाईच्या बाटलीचं झाकण लावलं, पिसं पुसून डब्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी मेजाशी बसला नाही. तिसऱ्या दिवशी नाही. दोन वर्षं तो एका प्रार्थनागृहासाठी तोराहची, आमच्या धर्मग्रंथाची, मोठी गुंडाळी लिहीत होता, निम्मी झाली होती. त्यांच्या कारभाऱ्याला त्याने निरोप धाडला की दुसरा लेखनिक पाहा, माझा हात आता भरवशाचा नाही. लोकांना काय, तेवढंच हवं असतं. महिन्याभरात सात जणांनी त्याने लिहिलेल्या मेझुझा परत आणून दिल्या. एका बाईने तर माझ्यासमोर डबी अशी चिमटीत धरली होती, जशी काही तिला खरूज झालीय.

पलीकडच्या खोलीतलं पुटपुटणं थांबलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा घर मुकं झालं. ब्लुमा रस्त्यात बाप दिसला की पदपथ बदलायची. माझ्याशी बोलायची, पण टाटेंचं नाव काढलं की म्हणायची, "मामे, दुसरं बोल." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण पोरीचा चेहरा पाहून मी गिळायचे. मी! गिळायचे!

अडीच महिने गिळलं. मग एका मंगळवारी, नफ्ताली बाहेर गेलेला असताना, मी ती मेझुझा काढली, खिडकीशी धरली आणि त्याचंच भिंग लावलं.

कोपरा उघडा होता, खरंच. पण मेमवरून एक आडवी रेघ गेली होती. शाईची नाही, चर्मपत्राची. घडी! मेझुझेची कधी घडी घालत नाहीत, ती गुंडाळायची असते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आणि ती घडी सगळ्या ओळीवरून गेली होती. त्या ओळीत आणखी चार अक्षरांना केसाएवढे चरे होते. शाई घडीवर तडकली होती, आणि मेमच्या कोपऱ्यावरची तेवढी कपची उडून गेली होती. खाली तपकिरी डाग स्पष्ट दिसत होता. जिथे कधी शाई पडलीच नाही तिथे डाग कुठून येईल?

मी तशीच चप्पल अडकवली आणि अनशेल शिकतो त्या पाठशाळेच्या फाटकाशी जाऊन त्याला बाहेर बोलावलं. पाठशाळेत बायकांनी असं जायचं नसतं. गेले.

"रेब गेत्सेलकडे मेझुझा कशी नेलीस?"

"हातात... म्हणजे खिशात."

"गुंडाळून?"

त्याची मान लाल झाली. "पाऊस होता, मामे. डबी मोडली होती. मग प्रार्थनेच्या छोट्या पुस्तकात सरळ करून ठेवली. पुस्तक आखूड होतं, म्हणून खालची दोन बोटांएवढी कड दुमडली. जरा दाबून. भिजू नये म्हणून."

"दुमडली," मी म्हटलं.

"भिजू नये म्हणून," तो पुन्हा म्हणाला, आणि मग त्याला काय झालं ते समजलं. रडायलाच लागला मेला, भर रस्त्यात, दाढी ओली होईपर्यंत. मी त्याला दोन शिव्या घातल्या आणि माझा रुमाल दिला.

तिथून थेट रेब उशेरकडे. ऐंशी पार केलेला म्हातारा, साठ वर्षं गुंडाळ्या तपासतोय, अर्थबिर्थ लावत नाही. अक्षर आहे की नाही, एवढंच सांगतो. त्याने चार वेळा पाहिलं. "अक्षर पूर्ण लिहिलेलं होतं," तो म्हणाला. "हात चांगला आहे. घडीने मारलंय."

"लिहून द्या."

"आता ही मेझुझा बाद, बाई. मेझुझा क्रमानेच लिहायची असते, मागे जाऊन कोपरा भरता येत नाही. लिहून घेऊन काय करणार?"

"माझं मी बघते. तुम्ही लिहा."

त्याने लिहून दिलं, खाली सही केली. तो कागद घेऊन मी रेब गेत्सेलच्या जिन्यावर चढले. रांगेतल्या बायका "अहो, नंबर, नंबर" करत राहिल्या. त्याची बायको स्वयंपाकघरात होती, मधलं दार अर्धं उघडं होतं, आणि तो मेजाकडे नजर लावून बसला होता. परक्या बाईकडे पाहायचं नाही, बरोबर आहे. परक्या बाईच्या पोटात मात्र भिंग घालून पाहायचं.

मी कागद ठेवला. त्याने वाचला. सावकाश. मग गोड आवाजात म्हणाला, "रेब नफ्तालींच्या घरच्या ना तुम्ही? रेब उशेर थोर माणूस. घडीने शाई उडाली, मान्य. पण सातशे तेरा अक्षरं सोडून नेमकी त्याच अक्षराची का उडाली? वरच्याच्या इच्छेशिवाय पान हलत नाही, तिथे शाई हलेल?"

"पुस्तक दोन बोटांनी आखूड होतं म्हणून!" मी ओरडले. "आणि त्याच ओळीत 'जमीन' शब्दालाही चीर गेलीय. ती का नाही सांगितलीत? मग भूकंप कुठे राहिला?"

"बाई, हळू."

"'दिवस' शब्दालाही गेलीय. मग आज उजाडलं कसं?"

"दुःखी माणसाला कारण लागतं," तो म्हणाला. "मी कारण दिलं. तुमच्या मुलीला त्या रात्री झोप लागली, हे तुमच्या जावयानेच मला सांगितलं. तुम्ही तिला काय देणार आहात?"

"तिचा बाप!" मी म्हटलं. "तुम्ही तिचा बाप काढून घेतलात, उंटावरचे शहाणे! अक्षराचा अर्थ माझा नवराही लावतो. पण तो अर्थ लावतो तेव्हा पोरं हसतात. तुम्ही लावता आणि बायका घरी जाऊन नवऱ्याला, बापाला, सासूला गुन्हेगार ठरवतात. आणि तुम्ही इथे बसून हळू बोलता!"

त्याची बायको पाण्याचा पेला घेऊन आली. मी पाणी प्यायले आणि निघाले. रांगेतल्या बायकांनी मला अशी वाट करून दिली, जशी मी उकळतं पातेलं घेऊन चाललेय.

घरी आले तर नफ्ताली आला होता. मी कागद त्याच्यापुढे नाचवला, घडीचं सांगितलं, अनशेलचं सांगितलं, गेत्सेलचं सांगितलं. मला वाटलं, आता हा उभा राहील, निदान डोळ्यांत पाणी तरी येईल.

"घडी मला दिसली होती," तो म्हणाला.

"काय?"

"पहिल्याच दिवशी. भिंग लावलं तेव्हाच."

मी खुर्चीत बसले. "दिसली होती, आणि तू गप्प राहिलास? अडीच महिने? लोक डब्या आणून फेकतायत दारात, पोर पदपथ बदलते, आणि तू... अरे, तू माणूस आहेस का पायपुसणं?"

"ब्राइना, तो कागद तिच्याकडे नेऊ नकोस."

"का नेऊ नको?"

"काही कागद न दाखवलेले बरे असतात. माझं काय, मी सोसतोय ना. तिला माझ्यावर राग धरायचा आहे, धरू दे. बापावर धरलेला राग फिटतो."

"आणि तुझं लिखाण?"

"चौतीस वर्षं लिहिलं की."

मला तेव्हा वाटलं, हा नेहमीचा मऊपणा. स्वतःच्या निर्दोषपणाची सुद्धा याला लाज वाटते. मी म्हटलं, तुझ्यासारखी दहा माणसं जमली तर एक गेत्सेल राज्य करेल. त्याने माझी बाही धरली. तो कधी बाही धरत नाही. "ब्राइना, ऐक माझं. फक्त एवढं एकदा ऐक." मी बाही सोडवली.

ब्लुमा इस्त्री करत होती. अनशेल अजून परतला नव्हता. दारांवर नव्या डब्या होत्या, परक्या हाताच्या. मी कागद इस्त्रीच्या फळीवर ठेवला, शेजारी ती मेझुझा उलगडली, आणि घडीवर बोट ठेवलं.

तिने वाचलं. दोनदा वाचलं. इस्त्रीचं बटण बंद केलं.

"अनशेलने घातली घडी?"

"अनशेलने. गाढव आहे, पण मनाचा वाईट नाही, त्याला फार बोलू नकोस. पण बघ! बाळ गेलं त्या दिवशी अक्षर पूर्ण होतं. रेब उशेरची सही आहे."

"म्हणजे मेम बंद होती."

"बंद होती! घट्ट! तुझ्या टाटेंनी लिहिली तशीच होती!" मी मूर्खासारखी जिंकल्याच्या आनंदात होते. "चल आता. स्कार्फ बांध, चल माझ्याबरोबर. तो घरीच आहे."

ती हलली नाही. "मग आता कुणाचं, मामे?"

"काय कुणाचं?"

"टाटेंच्या अक्षराचं नसेल, तर मग कुणाचं?"

"कुणाचं नाही! डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, कधीकधी कारण..."

"सणाच्या साफसफाईला तू मला बोलावलंस," ब्लुमा म्हणाली. आवाज अगदी बापासारखा, खालच्या पट्टीतला. "तुझ्या घरी. टाटेंच्या पुस्तकांचं ते कपाट. त्याच्यामागे खमिराचा कण राहिला असेल, ते सरकवायलाच हवं, म्हणालीस. मी म्हटलं, मामे, राहू दे, अनशेलला बोलावू. तू म्हणालीस, मी नवव्या महिन्यात गाद्या उचलल्यात, काही होत नाही, आजकालच्या मुली काचेच्या आहेत. डावीकडून मी धरलं. उजवीकडून तू. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून बाळ हलायचं थांबलं."

मी उभी होते. मला ते कपाट आठवत होतं. ते वाक्य आठवत होतं. आठवत नव्हतं असं नाही, मी फक्त तिकडे बघत नव्हते.

"टाटे शेजारच्या खोलीत लिहीत होते," ती म्हणाली. "त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला माहीत आहे, कारण ते बाहेर येऊन म्हणाले होते, 'थांबा, मी ओढतो,' आणि तू म्हणालीस, 'तू बस, शाई सांडशील.'"

"ब्लुमा..."

"रेब गेत्सेलने अक्षर सांगितलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं, मामे. वाटलं, कपाट नव्हतंच. शाई होती. टाटेंवर घालता येतं. टाटे सोसतात. तुझ्यावर कसं घालणार? तू घर डोक्यावर घेतलं असतंस. मी तुला वाचवत होते, आणि तू वाजतगाजत कागद घेऊन आलीस."

आता मला नफ्तालीची ती बाही धरणं कळलं. तो लेकीला वाचवत नव्हता. निदान नुसतं लेकीला नाही. मला भयंकर राग आला. त्याच्यावर, हिच्यावर, दोघांनी मिळून मला अडीच महिने कापसात गुंडाळून ठेवलं म्हणून. जशी काही मीच ती काचेची. आणि त्याच्याखाली दुसरा राग होता, त्याला नाव द्यायला मला फार वेळ लागला नाही.

"मग बोल!" मी म्हटलं. "बोल ना! उजवीकडून मी धरलं होतं, बापाने नाही. काय बोलायचंय ते मला बोल. माझ्या तोंडावर बोल!"

"मामे, जा तू."

"जात नाही. तू त्याला अडीच महिने दारात येऊ दिलं नाहीस. मला नुसतं जा म्हणून सोडतेस? घाल शिव्या!"

आणि मग ती ओरडली. माझी ब्लुमा, जी लहानपणी बोट चिमटलं तरी तोंड दाबून रडायची, ती ओरडली. काय काय बोलली ते मी सांगणार नाही. तुला कण महत्त्वाचा, माणूस नाही, असं बोलली. तू जन्मभर आवाज करतेस आणि कुणाचं ऐकत नाहीस, असं बोलली. त्याला बघूही दिलं नाही, आणि तू दुसऱ्या दिवशी विचारलंस की सणाची भांडी काढलीस का, असं बोलली. ते खरं होतं, विचारलं होतं. खालच्या मजल्यावरून कुणीतरी काठीने ठोकलं. ती थांबली नाही. मीही मध्ये बोलले नाही. कपाटाने झालं की नाही, हे डॉक्टरीणबाईंना माहीत नाही, मला माहीत नाही, गेत्सेलला तर मुळीच नाही. पण हे तिला म्हणाले नाही. तोंडाशी आलं होतं, दोनदा, आणि गिळलं.

शेवटी तिचा घसा बसला. ती जमिनीवर बसली, इस्त्रीच्या फळीखाली, आणि रडायला लागली. गेल्या अडीच महिन्यांत ती अशी रडलीच नव्हती. मी खाली वाकायला गेले तर म्हणाली, "हात नको लावूस."

मी कागद तिथेच ठेवून घरी आले. नफ्ताली दारातच उभा होता. मी म्हटलं, "जा तिच्याकडे. आत्ता. तुला घेईल." तो टोपी न घालता निघाला, मी जिन्यात पळत जाऊन टोपी दिली.

या गोष्टीला आता चार महिने झाले. नफ्तालीने लेकीच्या पाच दारांसाठी पाच नव्या मेझुझा लिहिल्या. तोराहचं काम कारभाऱ्याने दुसऱ्याला दिलं होतं, ते मी जाऊन परत आणलं, कसं ते विचारू नका. पलीकडच्या खोलीत पुटपुटणं सुरू झालंय. दर शुक्रवारी तो बटाट्याचं कुगेल घेऊन ब्लुमाकडे जातो, तासभर बसतो, आणि संध्याकाळी शब्बाथचे, विसाव्याच्या दिवसाचे, दिवे लागायच्या आत परत येतो. मी जात नाही. मला बोलावणं नाही.

तो दारातून आत येतो, डगला काढतो. मी कणीक मळताना मान वर न करता विचारते, "कशी आहे?"

"जेवते आता. काल हसली म्हणे अनशेलच्या कशावर तरी."

"माझ्याबद्दल विचारलं?"

नफ्तालीला खोटं बोलता येत नाही. "नाही, ब्राइना."

"बरं," मी म्हणते. "मग पुढच्या शुक्रवारीही तूच जा."